इस्तंबूल : जखम भरण्याचे दहा दिवस

इस्तंबूलच्या विमानतळावर परतीच्या रांगेत उभे राहिले की एक दृश्य हमखास दिसते. अधूनमधून एखाद्या पुरुषाच्या कपाळावर काळी पट्टी असते, डोके तासलेले असते आणि पुढच्या भागावर लालसर ठिपके दाटीने उमटलेले असतात. कुणी इटलीचा, कुणी अरब, कुणी आपल्याकडचा. कुणी कुणाकडे टक लावून पाहत नाही. सगळ्यांना ठाऊक असते, हे केसांचे रोपण करून निघालेले लोक आहेत. तुर्कस्तानच्या विमान कंपनीला लोक गमतीने ‘टर्किश हेअरलाइन्स’ म्हणतात, ते उगीच नव्हे.

आम्ही दोघे मे महिन्याच्या सुटीत दहा दिवसांसाठी या शहरात गेलो होतो. सुलतान अहमद मशीद, तोपकापी महाल, ह. अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांची मजार, हे सारे पाहायचे मनात होतेच. पण खरे कारण वेगळे होते. दोह्यात नोकरी करणाऱ्या आमच्या धाकट्या भावाने तिथे केसांची शस्त्रक्रिया ठरवली होती आणि त्याच्यासोबत कुणीतरी असावे, असा अम्मींचा आग्रह होता. त्याचे वय एकतीस. पंचविशीतच कपाळ मोठे होऊ लागले. दोन ठिकाणी लग्नाची बोलणी ‘मुलगा वयस्कर दिसतो’ एवढ्यावर थांबली. आम्ही त्याला फोनवर म्हटले होते, “दोन वर्षांची बचत डोक्यावर कशाला घालतोस?” तो म्हणाला, “भाईजान, फोटो पाहून नकार तुम्हाला आलेला नाही.” यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

रविवारी, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, आम्ही तोपकापी महालात गेलो. १४५३ मध्ये शहर जिंकल्यानंतर सुलतान मुहम्मद फातेह यांनी हा महाल उभारायला घेतला. त्यातील पवित्र वस्तूंच्या दालनात अखंड कुरआन पठण चालू असते. पैगंबर (स.) यांची चादर म्हणून जतन केलेली पेटी, तलवारी आणि मू-ए-मुबारक, म्हणजे दाढीचे पवित्र केस, तिथे ठेवलेले आहेत. श्रीनगरच्या हजरतबलमुळे हा शब्द आपल्या घरांत परिचयाचा आहे. धाकटा त्या काचेपुढे बराच वेळ उभा होता. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाला, “एका केसाची माणसं किती काळजी घेतात!”

सोमवारी सकाळी शस्त्रक्रिया झाली. वाचकांपैकी अनेकांच्या घरी हा विषय निघत असेल, म्हणून नेमके काय करतात ते सांगतो. पुरुषांचे टक्कल बहुधा आनुवंशिक असते. पुढच्या आणि माथ्यावरच्या केसांची मुळे पुरुषी संप्रेरकाच्या परिणामाने हळूहळू बारीक होत जातात. डोक्याच्या मागच्या आणि बाजूच्या केसांवर हा परिणाम फारसा होत नाही. तिथले केस काढून पुढे लावले तरी ते आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत. न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५० च्या दशकात हे दाखवून दिले आणि आजची सारी पद्धत त्यावर उभी आहे. त्याआधी १९३९ मध्ये जपानचे डॉ. ओकुदा यांनीही अशा रोपणाबद्दल लिहिले होते.

रोपणाच्या दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत मागच्या बाजूची कातडीची लांब पट्टी कापून काढतात, तिथे टाके घालतात आणि पट्टीतून एकेक मूळ वेगळे करतात. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. मागे एक आडवा व्रण राहतो, केस वाढले की तो झाकला जातो. दुसऱ्या पद्धतीत टाके नसतात. सुमारे एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक गोल नळीने एकेक मूळ उचलतात. एका मुळात एक ते चार केस असतात. मग पुढच्या भागात बारीक चिरा पाडून त्यांत ही मुळे बसवतात. धाकट्याने दुसरी पद्धत निवडली होती. म्हणजे एक मोठी जखम नाही, पण हजारो बारीक जखमा.

संध्याकाळी तो बाहेर आला तेव्हा मागे मलमपट्टी, कपाळावर पट्टी आणि चेहऱ्यावर थकवा होता. “सगळ्यात जास्त दुखलं ते बधिर करायची इंजेक्शनं देताना,” तो म्हणाला. “नंतर नुसतं खसखस कानावर येत होतं.” त्या रात्री बधिरपणा उतरला आणि आम्हाला कळले की दुखणे पुढे नसते, मागे असते. जिथे केस लावले तिथे फक्त ताण जाणवतो. जिथून काढले तिथे खरचटलेल्या गुडघ्यासारखी आग होते आणि झोपताना नेमकी तीच बाजू उशीला लागते. डॉक्टरांनी आडवे झोपायला मनाई केली होती. तीन उशा रचून, मानेभोवती प्रवासात वापरतात ती गोल उशी लावून तो अर्धवट बसूनच झोपला. सकाळी उशीवर पाणी मिसळलेल्या रक्ताचे फिके डाग होते. पहिल्या रात्री असे होते, हे आधी सांगितलेले होते, तरी ते पाहून काळजात धस्स झालेच.

मंगळवारी मागची पट्टी काढली. बुधवारी पहिल्यांदा डोके धुतले. हे धुणे म्हणजे आपली अंघोळ नव्हे. आधी फेस हलकेच टेकवून ठेवायचा, थोड्या वेळाने कोमट पाणी मगाने वरून सोडायचे, बोटाने चोळायचे नाही, नळाची जोराची धार नको आणि टॉवेलने पुसायचे नाही, नुसते टिपायचे. लावलेल्या प्रत्येक मुळाभोवती खपली धरते. ती नखाने काढली तर मूळही निघून येऊ शकते. रोज असे धुतले की दहा ते चौदा दिवसांत खपल्या आपोआप गळतात. तोवर हात डोक्याकडे जाऊ न देणे ही खरी परीक्षा, कारण जखम भरू लागली की खाज सुटते. जखम भरत असल्याची ती खूण आहे हे माहीत असले तरी खाज काही कमी होत नाही.

आता जो प्रश्न त्याला दुखण्यापेक्षाही जास्त छळत होता, तो सांगतो. डॉक्टरांनी बजावले होते, आठवडाभर डोके खाली झुकवायचे नाही. वाकले की रक्ताचा जोर डोक्याकडे जातो, सूज वाढते आणि ताज्या मुळांना धक्का लागतो. मग नमाजचे काय? सजद्याचे काय? पहिल्याच रात्री तो म्हणाला, “भाभी, आजारी माणसाला सवलत असते. पण हे आजारपण मी पैसे देऊन विकत घेतलंय. मला कशी सवलत?”

आम्ही आमच्या गावच्या मौलाना साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “जखम कशामुळे झाली, हा वेगळा प्रश्न. ती झाली आहे तर तिला जखमेचाच हुकूम लागेल. डॉक्टर मना करत असतील तर बसून, इशाऱ्याने नमाज पढावी. नमाज मात्र सोडायची नाही.” वुजूबद्दलही त्यांनी समजावले. आम्ही कोकणातले, शाफई. आमच्या मसलकाप्रमाणे मसहमध्ये डोक्याच्या थोड्याशा भागावरून ओला हात फिरवला तरी फर्ज पुरा होतो. हनफींकडे डोक्याचा चौथा भाग लागतो. धाकट्याच्या कानांवरच्या बाजू शाबूत होत्या. तिथे ओली बोटे टेकवून त्याचे वुजू झाले. घुस्लचा मसला यापेक्षा बारीक आहे. ज्याला गरज पडेल त्याने शस्त्रक्रियेच्या आधीच आपल्या आलिमांना विचारून ठेवावे. नंतर धावपळीत विचारणे जड जाते.

गुरुवारी सकाळी त्याचे डोळे अर्धे मिटलेले होते. कपाळ फुगले होते आणि सूज पापण्यांवर उतरली होती. आम्ही घाबरलो. दवाखान्यातून उत्तर आले की हे अपेक्षित आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी कातडीखाली औषधाचे बरेच पाणी भरतात, ते दोन-चार दिवसांत वजनाने खाली उतरते. कपाळावर पट्टी बांधतात ती त्यासाठीच. सूज दोन-तीन दिवसांत ओसरते. दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, पू आला, ताप चढला किंवा लाली पसरत गेली, तर मात्र थांबायचे नाही, लगेच डॉक्टरांकडे जायचे.

त्या दिवशी उन्हात फिरणे नको म्हणून आम्ही ट्रामने गुलहाने बागेतील संग्रहालयात गेलो. प्रा. फुआत सेझगिन यांच्या प्रयत्नांतून २००८ मध्ये सुरू झालेले हे इस्लामी विज्ञानाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. जुन्या ग्रंथांतील वर्णनांवरून बनवलेली उपकरणे तिथे मांडली आहेत. शस्त्रक्रियेच्या अवजारांपुढे धाकटा थबकला. चिमटे, सुऱ्या, डाग देण्याच्या सळ्या! सुमारे हजार वर्षांपूर्वी कुर्तुब्याचे अबुल कासिम अल्-जहरावी यांनी तीस भागांचा ‘अत्-तस्रीफ’ लिहिला. त्याच्या शेवटच्या भागात शस्त्रक्रिया आणि सुमारे दोनशे अवजारांच्या आकृत्या आहेत. आतड्यापासून केलेला धागा शरीरात आपोआप विरतो, म्हणून आतल्या टाक्यांसाठी तो वापरावा, हेही त्यांनी लिहून ठेवले. तुर्कस्तानातच, अमास्याचे सबुंजूओग्लू शरफुद्दीन यांनी १४६५ मध्ये तुर्की भाषेत शस्त्रक्रियेचा सचित्र ग्रंथ लिहिला. सुजलेल्या डोळ्यांच्या फटीतून तो पाहत होता. म्हणाला, “बधिर करायचं इंजेक्शन नव्हतं तेव्हा. त्या माणसांनी काय सोसलं असेल!” त्या दिवसानंतर आपल्या दुखण्याबद्दल त्याने तक्रार केली नाही.

शुक्रवारी जुमा होता. सूज तशीच. “मी खोलीतच थांबतो, असा चेहरा घेऊन कुठे येऊ?” असे तो म्हणत होता. शेवटी दवाखान्याने दिलेली सैल टोपी घालून आला. नेहमीची जाळीची टोपी घट्ट बसते, म्हणून तिला मनाई होती. आम्ही सुलैमानिया मशिदीत गेलो. मिमार सिनान यांनी १५५० ते १५५७ या काळात बांधलेली ही मशीद टेकडीवर आहे आणि अंगणाच्या मागून गोल्डन हॉर्नचे पाणी दिसते. मशिदीभोवती मदरसे, लंगर आणि एक दारुश्शिफा, म्हणजे रुग्णालयही उभारले होते. नमाजचे घर आणि इलाजाचे घर एकाच आवारात असावे, ही त्या काळची समजूत आम्हाला फार भावली.

आत गालिच्यावर सफा लागत होत्या. धाकटा मागे एका खांबाला टेकून उभा राहिला, संकोचलेला. एक पांढऱ्या दाढीचे बुजुर्ग उठले, कडेची खुर्ची आणून त्याच्यापुढे ठेवली, छातीवर हात ठेवून म्हणाले, “गेच्मिश ओल्सुन.” हे शब्द आम्ही त्या दहा दिवसांत शेकडो वेळा ऐकले. हॉटेलातला पोऱ्या, चहावाला, ट्राममधली म्हातारी, सगळे हेच म्हणत. अर्थ एवढाच, ‘मागे पडो’. जे दुखणे आहे ते होऊन गेलेले असो. का झाले, कशाला केले, किती पैसे गेले, हे कुणी विचारत नाही. धाकट्याने खुर्चीवर बसून जुमा अदा केला. सगळी मशीद सजद्यात गेली तेव्हा तो एकटाच बसलेला होता, मान किंचित झुकवून. बाहेर आल्यावर त्याचे डोळे ओले होते. ते सुजेमुळे की आणखी कशाने, ते आम्ही विचारले नाही.

शनिवारी बोटीने उस्कुदारला गेलो. एमिनोनूहून बोट सुटते, हातात तिळाचा सिमित आणि चहाचा कंबर असलेला छोटा ग्लास, डोक्यावर सीगल पक्षी. वीस-पंचवीस मिनिटांत युरोप मागे राहतो आणि आशिया येतो. पलीकडच्या किनाऱ्याला दक्षिणेकडे सलीमिया बराकींचे चार कोपऱ्यांचे मनोरे दिसतात. क्रिमियाच्या युद्धात इंग्रजांचे जखमी सैनिक इथे आणले जात. नोव्हेंबर १८५४ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल परिचारिकांना घेऊन इथेच आल्या. सैनिक गोळीच्या जखमेपेक्षा हगवण, कॉलरा आणि तापाने जास्त मरत होते. पुढच्या वर्षी गटारे साफ झाली, हवा खेळू लागली आणि मृत्यू झपाट्याने घटले. जखम शरीर भरून काढते, स्वच्छता तिला फक्त वाट मोकळी करून देते, ही गोष्ट जगाने या किनाऱ्यावर मोठी किंमत मोजून पाहिली.

परतताना आम्ही दोल्मुशमध्ये, म्हणजे तिकडच्या वडापमध्ये बसलो. उतरताना धाकट्याचे डोके दाराच्या चौकटीला लागले. त्याने हात वर नेला तो आम्ही पकडला. पुढच्या भागात रक्ताचे दोन थेंब दिसत होते. त्याचा चेहरा पांढरा पडला. दोन वर्षांचे कष्ट एका ठोशात गेले, असेच त्याला वाटले. पिशवीतली निर्जंतुक जाळीची पट्टी त्या जागी अलगद टेकवून धरली. चोळले नाही. पाच मिनिटांत रक्त थांबले. दवाखान्यात पाहून सांगितले की एखादे मूळ गेले असेल, बाकी शाबूत आहेत. पाचव्या दिवसापर्यंत मुळे बरीच धरलेली असतात, साधारण दहाव्या दिवशी पक्की होतात. नुसती खपली पडली आणि रक्त आले नाही, तर घाबरायचे कारण नाही. ती रात्र मात्र कुणालाच झोप लागली नाही.

रविवारी अय्यूब सुलतानला सलाम करायला गेलो. हिजरतनंतर मदिन्यात पैगंबर (स.) ज्यांच्या घरी उतरले, ते ह. अबू अय्यूब अन्सारी (रजि.). उतारवयात या शहराच्या मोहिमेवर आले आणि इथल्या तटाजवळच विसावले. अंगणात जुनी चिनाराची झाडे आहेत, कबुतरे आहेत आणि रंगीत कपड्यांतली, खतन्यासाठी आणलेली छोटी मुले बादशहासारखी मिरवत असतात. त्यांच्याही वाट्याला जखम आणि दुखणे आहेच, पण सगळे घर सोबत असते. धाकट्याची सूज त्या दिवशी उतरली होती.

परतल्यावर अनेकांनी विचारले, हे जायज आहे का? दुसऱ्याचे केस आपल्या केसांना जोडण्याची हदीसमध्ये मनाई आहे. स्वतःचेच केस एका जागेवरून दुसऱ्या जागी लावणे हे त्यात येत नाही, ते गेलेली गोष्ट परत मिळवण्यासारखे आहे, असे अनेक आलिम सांगतात. बनी इस्राईलमधील तिघांची हदीस ते पुढे ठेवतात. त्यांतल्या टक्कल पडलेल्या माणसाची केसांची इच्छा अल्लाहने पुरी केली होती. पण त्या गोष्टीत त्याची पुढची परीक्षाही आहे, मिळाल्यावर तो नाशुक्रा निघाला. आणि आलिम आणखी एक बजावतात, लग्नाच्या बोलणीत फसवणूक नको.

जाणाऱ्यांनी एवढे पाहावे. शस्त्रक्रिया नेमके कोण करणार, डॉक्टर की शिकाऊ हात, हे लेखी विचारावे. तुर्कस्तानात परदेशी रुग्ण घेण्यासाठी सरकारी परवाना लागतो, तो पाहावा. आपल्याकडेही २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हे काम प्रशिक्षित डॉक्टरांनीच करावे असे सांगितले आहे. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, काही लपवू नये. सिगारेट सोडावी, तिने जखम उशिरा भरते. महिनाभर पोहणे नको, डोक्यावर कडक ऊन नको. आणि घरच्यांनी हे लक्षात ठेवावे की दोन ते आठ आठवड्यांत लावलेले केस बहुतेक गळून पडतात. मुळे आत असतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवे केस येऊ लागतात, पुरा परिणाम दिसायला वर्ष लागते. मागची बाजू काही आठवडे, कधी काही महिने बधिर राहते.

दोह्याला परतल्यावर बाराव्या दिवशी त्याचा निरोप आला, “आज डॉक्टरांनी मोकळं केलं. फज्रला सजदा केला. केसांच्या रेषेजवळ अजून बधिर आहे, पण कपाळाला गालिचा लागला. बराच वेळ उठलो नाही.” अम्मींना तो निरोप आम्ही दोनदा वाचून दाखवला.

आता चौथा महिना आहे. व्हिडिओ कॉलवर पुढच्या भागात बारीक लव दिसते. नव्या स्थळाकडच्यांना त्याने पहिल्याच भेटीत शस्त्रक्रियेबद्दल सगळे सांगून टाकले. त्यांचा जबाब अजून यायचा आहे. अम्मी म्हणतात, “खरं बोललास ना, मग निश्चिंत झोप.” आता तो उशीवर डोके टेकवून झोपतो, अल्हम्दुलिल्लाह.